सड्याचे राखणदार

रत्नागिरी जिल्ह्यातील पुष्कळशी गावे डोंगरांच्या कुशीत वसलेली आहेत. खाली नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या कडेने भाताची खाचरे, मधून वाहणारा पऱ्या आणि झाडांआड दडलेली कौलारू घरे, असे तेथील दृश्य असते. गावातून घाटीची पायवाट धरून वर चढावे, तो एकाएकी हे दृश्य पालटते. झाडांची दाटी संपते आणि नजर पोहोचेल तेथवर काळसर खडकाचे सपाट मैदान पसरलेले दिसते. या मैदानाला कोकणात ‘सडा’ असे म्हणतात.

वैशाखातील दुपारी सड्यावर उभे राहिले, तर पायांखालचा कातळ तव्यासारखा तापलेला असतो. सावलीला झाड नाही, घोटभर पाणी नाही. परक्या प्रवाशाला वाटते, ही भूमी ओसाड आहे. हिचा कोणाला काय उपयोग? सरकारी दप्तरातही अशा जमिनीची नोंद पुष्कळदा ‘पोटखराबा’ म्हणजे लागवडीस अयोग्य अशी केलेली असते. परंतु सड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला विचारले, तर तो निराळेच उत्तर देईल. तो म्हणेल, “सडा आहे, म्हणून गाव आहे.”

हे उत्तर समजून घ्यावयाचे, तर सड्याच्या दगडाची ओळख करून घेतली पाहिजे. हा दगड म्हणजे कोकणातील सुप्रसिद्ध तांबडा जांभा. उन्हापावसाने त्याचा वरचा पृष्ठभाग काळा पडतो. त्याचे चिरे काढून घरे बांधतात, विहिरी बांधतात, गडगे रचतात. हा दगड सच्छिद्र असतो. कोकणात पावसाळ्याच्या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. त्यातील बरेचसे पाणी उतारावरून धावत जाऊन समुद्राला मिळते. परंतु सड्यावर पडलेल्या पाण्याचा काही भाग कातळाच्या भेगांतून आणि छिद्रांतून आत मुरतो. खालच्या चिकण मातीच्या थरावर तो अडतो आणि सावकाश वाहत डोंगराच्या उतारावर झऱ्यांच्या रूपाने प्रकट होतो. गावच्या विहिरी आणि पाणवठे या झऱ्यांवरच अवलंबून असतात. एवढा पाऊस पडूनही चैत्र-वैशाखात कोकणातील अनेक वाड्यांना पाण्याची टंचाई भासते. मग झरेच आटले, तर त्या वाड्यांची काय दशा होईल, हे सांगावयास नको.

सड्याचे दान पाण्यापुरतेच नाही. मृगाच्या सरी येऊन गेल्या, की तोच रुक्ष कातळ हिरवा होतो आणि श्रावण-भाद्रपदात जांभळ्या, पिवळ्या व पांढऱ्या इवल्या फुलांचे गालिचे त्यावर अंथरले जातात. गावची गुरे तेथे चरतात. पावसाळा सरल्यावर तेथले गवत कापून वर्षाची बेगमी करतात. सड्याच्या कडेला कातळ फोडून, खड्ड्यांत माती भरून, मोठ्या कष्टाने लोकांनी हापूस आंब्याच्या आणि काजूच्या बागा उभ्या केल्या आहेत.

निसर्गाचे हे देणे जपून वापरावे, ही शिकवण कोकणात फार जुनी आहे. येथल्या गावोगावी देवाच्या नावाने राखून ठेवलेले रान असते. त्याला ‘देवरहाटी’ म्हणतात. तेथील झाडाची फांदी तोडावयाची नाही, वाळलेले लाकूडही देवाचा कौल घेतल्यावाचून उचलावयाचे नाही, असा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. त्यामुळे इतरत्र झाडे तुटली, तरी देवरहाटीत प्रचंड वृक्ष उभे राहिले आणि त्यांच्या मुळांशी पाणी टिकून राहिले. गावाचे रक्षण करणारा एक अदृश्य ‘राखणदार’ असतो, अशी कोकणातील लोकांची श्रद्धा आहे. परंतु खरे पाहता, तो दंडक पाळणारा प्रत्येक गावकरीही राखणदारच नव्हे काय?

सड्याने आणखी एक ठेवा हजारो वर्षे सांभाळून ठेवला आहे. राजापूर, लांजे, रत्नागिरी या भागांतील सड्यांवर जमिनीलगतच्या कातळात मोठमोठी चित्रे खोदलेली आढळतात. त्यांना ‘कातळशिल्पे’ हे नाव मिळाले आहे. हत्ती, वाघ, मासे, पक्षी, माणसे आणि ज्यांचा अर्थ अजून उलगडलेला नाही अशा चौकोनी नक्षीच्या आकृती त्यांत आहेत. कशेळी येथील हत्तीची आकृती सुमारे १८ मीटर लांब असून तिच्या पोटात इतर अनेक प्राण्यांची चित्रे आहेत. बारसू येथे दोन वाघांच्या मधोमध उभा असलेला माणूस कोरलेला आहे. काही ठिकाणी गेंडा दिसतो. आज कोकणात गेंडा कोठेही नाही. अर्थात ही चित्रे ज्यांनी खोदली, त्यांच्या काळी येथील सृष्टी निराळी असली पाहिजे. त्यांच्या नेमक्या वयाविषयी विद्वानांचे एकमत झालेले नाही. तथापि त्यांतील काही दहा हजार वर्षांहूनही जुनी असावीत, असे काही संशोधक मानतात.

ही चित्रे गुराख्यांच्या नित्य पाहण्यातली होती. जगाला मात्र त्यांची फारशी वार्ता नव्हती. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई आदी अभ्यासकांनी गावोगाव पायपीट केली, गुराख्यांना व वृद्धांना विचारीत सडे धुंडाळले आणि शेकडो चित्रे उजेडात आणली. जागतिक वारसा म्हणून विचार व्हावा, अशा स्थळांची जी प्राथमिक यादी युनेस्को ही आंतरराष्ट्रीय संस्था ठेवते, तीत २०२२ साली कोकण किनाऱ्यावरील कातळशिल्पांचा समावेश झाला. त्यांतील बहुतेक स्थळे रत्नागिरी जिल्ह्यातील आहेत. उक्षी गावच्या लोकांनी तर पुढाकार घेऊन आपल्या हत्तीच्या शिल्पाभोवती संरक्षक कठडा उभारला. ज्या दगडावरून काल गुरे जात होती, तो दगड आज गावाचे भूषण झाला.

अशा या सड्यांवर एक मोठा प्रश्न येऊन उभा राहिला. राजापूर तालुक्यात नाणार व त्याच्या आसपासच्या गावांत खनिज तेल शुद्ध करण्याचा प्रचंड कारखाना उभारावा, असे सरकारने ठरविले आणि २०१७ साली जमीन संपादनाची अधिसूचना काढली. वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करण्याची ती योजना होती. त्यासाठी हजारो एकर जमीन हवी होती. गावकऱ्यांनी सभा भरविल्या, मोर्चे काढले. पोटासाठी मुंबईत राहणारे चाकरमानीही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर मार्च २०१९ मध्ये ती अधिसूचना रद्द करण्याचा निर्णय सरकारने जाहीर केला.

पुढे त्याच तालुक्यातील बारसू-सोलगाव परिसराचे नाव पुढे आले. एप्रिल २०२३ मध्ये तेथील सड्यावर मातीच्या परीक्षणासाठी खोदकाम करण्याचे ठरले. तेव्हा आसपासच्या गावांतील लोक सड्यावर जमले. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. चूल-मूल आणि शेतीची कामे बाजूला सारून त्या रणरणत्या उन्हात कातळावर बसून राहिल्या. काही जणी गाड्यांपुढे रस्त्यावर आडव्या झाल्या. जमावबंदी लागू झाली, पोलिसांनी अनेकांना ताब्यात घेतले, एके दिवशी अश्रुधूरही सोडला. १९७४ साली हिमालयातील रेणी गावच्या स्त्रियांनी झाडांना मिठ्या मारून आपले जंगल वाचविले होते. त्याच वृत्तीचे दर्शन या कोकणी स्त्रियांनी घडविले.

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. कारखाना आला, तर कोकणातील तरुणांना घराजवळ काम मिळेल, रस्ते व दवाखाने होतील, असे त्याचा पुरस्कार करणाऱ्यांचे म्हणणे आहे. ते पोकळ म्हणता येणार नाही. कोकणातील कितीतरी घरांना आज कुलपे आहेत आणि त्या घरांतील माणसे मुंबईच्या चाळींत दिवस काढीत आहेत. गावांतील सर्वच लोक एका मताचे होते, असेही नाही. परंतु सड्यावर बसलेल्यांचे विचारणे साधे होते: “झरे बिघडले, आंब्याचा मोहोर करपला, खाडीतील मासळी नाहीशी झाली, तर तुमचा मोबदला आम्हांला किती वर्षे पुरणार? आणि आमच्या गावाविषयीचा निर्णय आम्हांला विचारल्यावाचून का व्हावा?”

यांतील दुसरा प्रश्न सर्व भारतीयांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आपल्या राज्यघटनेत १९९२ साली झालेल्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावातील प्रत्येक मतदार हा ग्रामसभेचा सभासद होय. तेथे श्रीमंत-गरीब, स्त्री-पुरुष असा भेद नाही. बारसूच्या परिसरातील काही ग्रामपंचायतींनी कारखान्याविरुद्ध ठराव केले, ते हाच मार्ग अनुसरून. हातात शस्त्र न घेता, सभा, ठराव आणि सत्याग्रह यांच्या बळावर आपले म्हणणे मांडणे, हे लोकशाहीतील नागरिकाचे कर्तव्यच आहे.

देशाला कारखाने हवेत आणि झरेही हवेत. कोठे काय असावे, हे ठरविताना नकाशावरील रेघा आणि दप्तरातील नोंदी तेवढ्या पाहून भागत नाही. ‘पोटखराबा’ या एका शब्दाखाली पाणी, गवत, फुले आणि हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाची हस्तकला झाकली जाते. त्या भूमीवर जे जगतात, त्यांनाच तिचे खरे मोल ठाऊक असते. म्हणून प्रथम त्यांना विचारले पाहिजे आणि त्यांनीही निर्भयपणे सांगितले पाहिजे.

ज्या अनामिक माणसाने बारसूच्या कातळावर दोन वाघांमध्ये निर्भयपणे उभा असलेला मनुष्य कोरला, त्याचे नाव आज कोणालाही माहीत नाही. भर उन्हात त्या सड्यावर बसलेल्या स्त्रियांची नावेही कदाचित इतिहासात लिहिली जाणार नाहीत. परंतु मृगाचा पाऊस पडेल, सड्यात पाणी मुरेल आणि पायथ्याचा झरा वाहू लागेल, तेव्हा त्या राखणदारांचे स्मरण गावाला झाल्यावाचून राहणार नाही.

स्वाध्याय

१. “सडा आहे, म्हणून गाव आहे,” असे वृद्ध शेतकरी का म्हणेल?
२. सड्यावर पडलेले पावसाचे पाणी गावच्या विहिरीपर्यंत कसे पोहोचते, ते आपल्या शब्दांत लिहा.
३. कारखान्याच्या बाजूचे आणि विरोधाचे मुद्दे दोन स्तंभांत मांडा. तुम्हांला कोणता मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो? कारण द्या.
४. तुमच्या गावातील किंवा शहरातील ‘निरुपयोगी’ समजल्या जाणाऱ्या एखाद्या जागेविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा व दहा ओळी लिहा.