डब्यावरची दुसरी पट्टी

प्रश्न : आम्ही कोलकात्याला गार्डन रीचमध्ये राहतो. इथे एका दुकानात परदेशी मका, मशरूमचे डबे फार स्वस्त मिळतात, पण मूळ लेबलाशेजारी एक पट्टी चिकटवलेली असते. ही लबाडी समजायची का?
– एक वाचक, कोलकाता

उत्तर : नुसत्या पट्टीवरून तसं म्हणता येणार नाही. बरेचदा ती कायद्यानेच लावायला लावलेली असते. तुमच्या शेजारच्या नेताजी सुभाष गोदीत उतरलेला खाद्यमाल कस्टममधून सुटण्याआधी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, अधिकारी कागदपत्रं आणि लेबल तपासतो, लागेल तिथे नमुना घेतो. परदेशात डबा भरताना भारतात तो कोण मागवणार हे कारखान्याला कुठून कळावं? म्हणून आयातदाराचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी खूण एवढं कस्टमच्या गोदामात, न निघणाऱ्या पट्टीवर लावू देतात. मात्र या पट्टीने मूळ लेबलावरचं अक्षरही झाकायचं नाही. तारखेवर पट्टी बसलेली दिसली, तर मात्र तुमचा संशय रास्त आहे.

स्वस्ताईचं कारण साधंही असू शकतं. कस्टममधून सुटताना मालाच्या टिकण्याच्या मुदतीपैकी ६० टक्के किंवा तीन महिने, यांत जे कमी असेल तेवढं शिल्लक लागतं. पुढे दुकानात मुदत संपत आली की भाव उतरतो. तारीख उलटेपर्यंत त्यात बेकायदा काही नाही.

खोटं लेबल आणि विषारी माल यांत कायदा फरक करतो. २००६च्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियमात मिथ्याछाप मालाला तीन लाखांपर्यंत दंड आहे, तुरुंग नाही. असुरक्षित अन्नाने माणूस दगावला, तर किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत शिक्षा. तुमच्या शेजारच्या बेहालात १९८८ साली ट्रायक्रेसिल फॉस्फेट मिसळलेल्या तेलाने शेकडो लोकांचे हातपाय लुळे पडले. तसल्या विषाचा पत्ता लेबल वाचून कधीच लागत नाही.

तो लागतो प्रयोगशाळेत, आणि खटलेही तिथेच अडतात. २०१५चं मॅगी प्रकरण आठवा. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीचा नमुना फेरतपासणीला कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेत आला आणि शिसं निघालं १७.२ पीपीएम. मर्यादा होती २.५. जूनमध्ये देशभर बंदी आली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली. ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती, त्यांना कायद्याला हवी ती मान्यताच नव्हती, हे त्यामागचं एक मोठं कारण. माझ्या मते आपल्याकडे दंडाची रक्कम वाढवण्यापेक्षा प्रयोगशाळा धड करणं जास्त निकडीचं आहे.

तुम्हाला स्वतःला डबा तपासून घेता येतो, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. कलम ४० प्रमाणे ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. अट एकच : घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं. दोष निघाला तर फी परत मिळते. गार्डन रीच १९८४पासून कोलकाता महापालिकेत आहे, तेव्हा तक्रार तिथल्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे करा. बिल जपून ठेवा. फुगलेला डबा मात्र चाखून बघू नका, उघडूही नका.