रोजनिशी : आधी नोंद, मग निवाडा



दिवस संपताना थोडा वेळ स्वतःजवळ बसावे, दिवसभरातील आपले बोलणे-वागणे आठवावे आणि ते वहीत लिहून काढावे, हा अभ्यास आपल्यापैकी बरेच जण करतात. आजचा लेख याच अभ्यासाविषयी आहे. तो विशेषतः ऑटिझम स्पेक्ट्रमवर असलेल्या, म्हणजे ज्यांना मराठीत आपण स्वमग्न म्हणतो, अशा साधकांसाठी आहे. ज्यांच्या घरात किंवा अभ्यासवर्गात अशी व्यक्ती आहे, त्यांनीही तो जरूर वाचावा.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे आणि सवडीच्या वेळात हिंदी पाठांचे मराठी भाषांतर करण्याची सेवा करते. वयाच्या १९व्या वर्षी मला स्वमग्नता असल्याचे निदान झाले. त्यानंतर काही महिन्यांनी रोजनिशीवरचा एक पाठ भाषांतरासाठी माझ्याकडे आला. त्यात रात्री स्वतःला विचारायचे प्रश्न दिले होते. पहिला प्रश्न होता, ‘आज दिवसभर तुम्हाला कसे वाटले?’ वाक्य सोपे होते, भाषांतर लगेच झाले.

पाठ नुसता भाषांतर करून पुढे पाठवू नये, स्वतः करून पाहावा, म्हणून मी दोनशे पानी वही आणली. पहिल्या रात्री त्या प्रश्नापुढे लिहिले, ‘ठीक’. दुसऱ्या रात्रीही ‘ठीक’. महिन्याभराने वही चाळली तर ३० पानांवर ३० वेळा ‘ठीक’ होते. त्यातल्या एका दिवशी मी बसमधून अर्ध्या वाटेत उतरून रस्त्याच्या कडेला रडत बसले होते. त्या पानावरही ‘ठीक’च होते. मी खोटे लिहिले नव्हते. मला खरोखरच दुसरा शब्द सापडला नव्हता.

शब्द न सापडणे म्हणजे भावना नसणे नव्हे

पीटर सिफ्नियस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात ‘अ‍ॅलेक्सिथायमिया’ ही संज्ञा मांडली. ग्रीक शब्दांवरून बनलेल्या या संज्ञेचा अर्थ साधारणपणे ‘भावनेसाठी शब्द नसणे’ असा होतो. भावना मनात असते, पण ती कोणती हे त्या व्यक्तीला ओळखता येत नाही. २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे निम्म्या जणांमध्ये ही अडचण दिसते, इतर लोकांमध्ये ती सुमारे ५ टक्के असते. म्हणजे प्रत्येक स्वमग्न व्यक्तीला हा त्रास असतो असे नाही, पण ज्यांना असतो त्यांची संख्या मोठी आहे.

दुसरे कारण शरीराशी निगडित आहे. भूक, तहान, थकवा, छातीतली धडधड हे आतून येणारे संकेत काही जणांना उशिरा पोहोचतात, तर काहींना एकदम जोरात. सकाळपासून आपण जेवलो नाही, हे मला कित्येकदा संध्याकाळी हात थरथरल्यावर कळते. ज्याला भूकच उशिरा कळते, त्याला दुःख किंवा भीती त्याच रात्री दहा वाजता कशी कळावी?

माझी चूक : दोषांची यादी

पहिला प्रश्न जमेना म्हणून मी दुसऱ्याकडे वळले. ‘आज माझ्याकडून कोणते दोष घडले?’ हा प्रश्न मला अगदी सोपा गेला. मी रोज लिहू लागले : ‘काकूंशी बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाहिले नाही. प्रवचन चालू असताना बोटे हलवत राहिले. आरती अर्धवट सोडून बाहेर गेले, श्रद्धा कमी पडते. कार्यक्रमाची वेळ बदलली म्हणून चिडले.’ प्रत्येक ओळीपुढे संकल्प असायचा, ‘उद्यापासून करणार नाही.’ दुसऱ्या दिवशी तेच घडायचे आणि तेच लिहिले जायचे.

तीन महिन्यांत माझी झोप बिघडली. मी अभ्यासवर्गाला जाणे टाळू लागले, कारण घराबाहेर पडले की रात्री वहीत चार ओळी वाढत. माझी प्रगती होत नाही, असे मला वाटत होते. प्रत्यक्षात मी ज्या गोष्टींना दोष म्हणून रोज शिक्षा देत होते, त्यातल्या बऱ्याचशा दोष नव्हत्याच.

स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीतली जन्मापासूनची भिन्नता आहे. आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यातील २१ प्रकारांमध्ये तिचा समावेश आहे. नजरेला नजर देणे कठीण जाणे, बोटे किंवा हात हलवून स्वतःला शांत करणे, मोठा आवाज सहन न होणे, ठरलेले अचानक बदलले की गोंधळून जाणे, ही तिची ओळखीची लक्षणे आहेत. ही लक्षणे दाबून इतरांसारखे दिसण्याच्या धडपडीला ‘मास्किंग’ म्हणतात. या धडपडीचा थकवा, चिंता आणि नैराश्य यांच्याशी संबंध असल्याचे संशोधकांना आढळले आहे. माझी वही मला रोज रात्री हेच मास्किंग शिकवत होती, आणि मी त्याला आत्मपरीक्षण समजत होते.

रोजकीर्दीने दिलेला धडा

यातून वाट मिळाली ती माझ्याच अभ्यासक्रमातून. अकरावीला पुस्तपालनात आम्हाला शिकवले होते की व्यवहार झाला की आधी त्याची रोजकीर्दीत नोंद करायची. तारीख, कोणते खाते नावे, कोणते जमा, रक्कम आणि खाली एका ओळीचे स्पष्टीकरण. रोजकीर्दीत नफा-तोटा काढत नाहीत. आधी नोंद, मग खतावणी, मग तेरीज आणि सर्वांत शेवटी नफा-तोटा. मी मात्र एकही नोंद न करता रोज रात्री थेट तोटा जाहीर करत होते.

मग मी पानावर चार रकाने आखले : वेळ आणि जागा, काय घडले, शरीरात काय जाणवले, आणि भावनेचा शब्द. चौथा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, असे पहिल्याच पानावर लिहून ठेवले. एक नोंद अशी आहे :

‘रविवार, संध्याकाळी ६.४०. सभागृह, स्पीकरजवळ तिसरी रांग. आरती सुरू झाली. टाळ आणि ढोलकी. कानात टोचल्यासारखे, जबडा घट्ट, हात गार. ६.४८ला बाहेर आले, पायरीवर बसले. १५ मिनिटांनी हात पूर्ववत. शब्द : ?’

हिशेबात तेरीज जुळली नाही, तर फरकाची रक्कम तात्पुरती सस्पेन्स अकाउंटला टाकतात. हिशेबनीस अप्रामाणिक आहे, असे त्यावरून कोणी म्हणत नाही. चूक सापडली की ते खाते बंद होते. माझे प्रश्नचिन्ह म्हणजे हेच खाते. त्या रविवारचा शब्द मला मंगळवारी भांडी घासताना सापडला. तो शब्द होता ‘भीती’. तोवर मी त्याला राग समजत होते. मी पान उलटून चौथ्या रकान्यात तो शब्द मंगळवारच्या तारखेसह लिहिला.

आठवड्यातून एकदा खतावणी

रोजकीर्दीतल्या नोंदी खातेवहीत त्या त्या खात्यावर नेल्या की चित्र स्पष्ट होते. मी दर शनिवारी आठवड्याच्या नोंदी पाच खात्यांत वाटू लागले : आवाज, झोप व जेवण, अचानक बदल, माणसे आणि ‘बरे वाटले’.

आठ आठवड्यांनी मी पाहिले. या काळात आरती मी चार वेळा अर्धवट सोडली होती. चारही वेळा मी स्पीकरजवळ बसले होते आणि त्यातल्या तीन वेळा दुपारपासून काही खाल्ले नव्हते. मागच्या दाराजवळ बसले होते, त्या दिवशी शेवटपर्यंत थांबले होते. जिथे मी ‘श्रद्धा कमी पडते’ असे लिहीत होते, तिथे कारण बसण्याच्या जागेचे आणि रिकाम्या पोटाचे होते. आता मी घरून पोहे किंवा उपमा खाऊन निघते, दाराजवळ बसते आणि कानात कापसाचे बोळे घालते. आरती शेवटपर्यंत होते.

‘बरे वाटले’ हे खाते कोणी विसरू नये. माझ्या त्या खात्यात शब्दकोशात एक शब्द शोधताना गेलेला तास आहे, पहाटेचा रिकामा रस्ता आहे आणि शेजारच्या आजींसोबत न बोलता निवडलेली मेथी आहे. ही नोंद नसेल तर ताळेबंदाची एकच बाजू लिहिली जाते.

मग दोष कोणता?

कोणी म्हणेल, अशाने प्रत्येक चुकीला कारण सापडेल आणि साधक मोकळा सुटेल. माझा अनुभव उलटा आहे.

एका संध्याकाळी मी घरी आले तेव्हा आईने माझे टेबल आवरून पुस्तके दुसरीकडे ठेवली होती. मी ओरडले, ‘तुला काही म्हणजे काही कळत नाही.’ रात्री नोंद केली. शरीरात : कान गरम, श्वास जोरात. खाते : अचानक बदल. कारण सगळे समजले. पण ‘काय घडले’ या रकान्यात माझे ते वाक्यही होते. बदलामुळे धक्का बसणे हा माझा स्वभाव आहे. आईला लागेल असे बोलणे हा माझा दोष आहे. पूर्वीच्या यादीत या दोन्ही गोष्टी ‘चिडले’ या एकाच शब्दात गेल्या असत्या आणि धड कोणतीच दिसली नसती.

हिशेबात चुकीची नोंद खोडत नाहीत, तिच्यावर पांढरी शाईही फासत नाहीत. चूक ज्या दिवशी कळते, त्या दिवशी दुरुस्तीची वेगळी नोंद करतात. समोरासमोर बोलणे मला जड जाते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या डब्याखाली चिठ्ठी ठेवली, ‘काल मी बोलले ते चुकीचे होते. मला वाईट वाटते.’ संध्याकाळी आई म्हणाली, ‘टेबलाला हात लावायचा असेल तर आधी सांगत जाऊ का?’ मी हो म्हटले. त्या रात्री चौथा रकाना लगेच भरता आला.

अभ्यासाची पद्धत

१. साचा एकच ठेवा. तीच वही, तीच वेळ, तेच रकाने. समर्थ रामदासांनी दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. पोथी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकसारख्या अक्षरात दिसावी, असा आग्रह त्यांनी धरला आहे. एकसारखेपणाची आपली आवड इथे आपल्याला मदतच करते.

२. आधी जे दिसले, ऐकू आले ते लिहा. नंतर शरीर. भावनेचा शब्द शेवटी, तोही सापडला तरच.

३. शब्दच हवेत असे नाही. चित्र, रंगाचा ठिपका, १ ते ५ असा आकडा किंवा फोनवर नोंदवलेला आवाज चालतो. अमेरिकेतील प्राणिशास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन स्वमग्न आहेत. शाळेत असताना त्यांनी स्वर्गाच्या दाराविषयीचे प्रवचन ऐकले आणि त्या खरोखरचे दार शोधू लागल्या. वसतिगृहाच्या गच्चीकडे जाणारे एक लहान दार त्यांना सापडले. आयुष्यातील पुढचा टप्पा म्हणजे एक दार, असा विचार त्या त्यातून करू लागल्या, आणि याविषयीच्या डायरीतील नोंदी त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात वापरल्या. जी गोष्ट आपल्याला चित्रात कळते, ती चित्रातच लिहावी.

४. वेळेची मर्यादा घाला. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे कठीण अनुभवांविषयी लिहायला सांगितले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढील महिन्यांत दवाखान्यात कमी जावे लागले, पण लिहून झाल्यावर लगेच त्यांचे मन अधिक खिन्न होते. हा प्रयोग स्वमग्न व्यक्तींसाठी आखलेला नव्हता, तरी त्यातली सूचना आपल्यालाही लागू आहे. घड्याळ लावा, १५ मिनिटांनी वही मिटा. तीच घटना चौथ्या दिवशीही तशीच लिहिली जात असेल, तर ती विश्वासातल्या माणसाला सांगा.

५. दिवस चुकला तर चुकला. मागचे भरत बसू नका, आजच्या तारखेपासून लिहा.

६. जगणे नकोसे वाटते अशा नोंदी येऊ लागल्या, तर वहीवर थांबू नका. घरच्यांशी, डॉक्टरांशी बोला किंवा टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.

सोबत असणाऱ्यांसाठी

अभ्यासवर्गात कोणालाही रोजनिशी मोठ्याने वाचायला लावू नका. घरी कोणाची वही परवानगीशिवाय उघडू नका. ‘कसे वाटले?’ याऐवजी ‘काय झाले?’, ‘कुठे बसला होतास?’, ‘काही खाल्लेस का?’ असे विचारा. उत्तर दोन दिवसांनी आले तर ते उशिरा आले असे मानू नका. त्या माणसाच्या वेळेप्रमाणे ते वेळेवरच आलेले असते.

आजचा अभ्यास

आज रात्री आपण प्रत्येकाने, स्वमग्न असो वा नसो, आजची एकच घटना चार रकान्यांत लिहून पाहावी. चांगले, वाईट, पाप, पुण्य यांपैकी एकही शब्द त्यात येऊ देऊ नये. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर त्यात प्रश्नचिन्ह घालावे आणि शांत झोपावे. नोंद खरी असेल, तर निवाडा थोडा थांबला तरी चालतो.