मारलवाईचे परदेशी दांपत्य

परदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सातासमुद्रापलीकडचे मुलूख उभे राहतात. आपल्यातला कोणी तिकडे गेला, म्हणजे तो परदेशी गेला असे आपण म्हणतो. परंतु तिकडचा कोणी इकडे आला, तर त्याच्या दृष्टीने आपले गावच परदेश असते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. आपल्या आदिलाबादच्या डोंगरात असा परदेशवास केलेल्या एका तरुण जोडप्याची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. तिच्यात अरण्य आहे, प्रवास आहे, साहस आहे. पण परक्या मुलखात राहणाऱ्याने तेथे कसे राहावे, हा प्रश्न तिच्यात मुख्य आहे.

हा प्रश्न जैनथला नवा नाही. येथील संस्कृत शिलालेख सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा आहे. माळव्याचा परमार राजपुत्र जगद्देव आपला मुलूख सोडून दक्षिणेत चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्याकडे आला आणि या प्रांताचा कारभार पाहू लागला. त्याचा अमात्य लोलार्क याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे मंदिर उभारल्याची नोंद त्या शिलालेखात आहे. राजे गेले, अमात्य गेले. परमुलखाच्या दरबाराबरोबर आलेल्या त्या स्त्रीने येथून काय नेले ते कोणास ठाऊक नाही. येथे काय ठेवले, ते मात्र दगडावर कोरलेले राहिले.

आता आपल्या कथेकडे वळू. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म १९०९ साली ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे झाला. मानववंशशास्त्र हा त्यांचा विषय. १९३६ साली ते प्रथम हिंदुस्थानात आले आणि नागा टेकड्यांत कोन्याक नागांच्या सहवासात राहिले. १९३८ मध्ये एलिझाबेथ बर्नार्डो या इंग्रज तरुणीशी त्यांचा विवाह झाला. तिला सारे बेट्टी म्हणत. दुसऱ्या वर्षी हे दांपत्य पुन्हा हिंदुस्थानात आले आणि तोच युरोपात महायुद्ध पेटले. ऑस्ट्रिया त्यापूर्वीच जर्मनीने गिळंकृत केला असल्यामुळे हायमेनडॉर्फ यांच्याजवळ पासपोर्ट होता तो जर्मनीचा. ब्रिटिश सरकारच्या लेखी ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानाची हद्द ओलांडू नये, असे बंधन त्यांच्यावर आले.

दुसरा कोणी असता तर दैवाला दोष देत युद्ध संपण्याची वाट पाहत बसला असता. या दोघांनी मात्र ज्या हद्दीत राहणे भाग होते, तिच्यातीलच अरण्ये पालथी घातली. १९४० साली ते कृष्णेच्या उत्तरतीराजवळच्या नल्लमला डोंगरांत आणि अमराबादच्या पठारावर चेंचू लोकांत जाऊन राहिले. चेंचू नांगर धरीत नसत. काठीने कंदमुळे खणून काढावीत, कड्यावरून दोराने खाली उतरून मध काढावा, असा त्यांचा जीवनक्रम. त्यानंतर गोदावरी जेथे डोंगर फोडून जाते, त्या खोऱ्यातील कोंडा रेड्डी लोकांकडे ते गेले. तेथे पोहोचायचे तर नदीतून नाव, नाहीतर डोंगरातील पायवाट. आणि अखेर ते आपल्या आदिलाबादला, राजगोंडांच्या मुलखात आले.

त्यांनी मुक्कामासाठी निवडले ते मारलवाई हे गाव. नावातील साम्यामुळे घोटाळा होऊ नये म्हणून सांगतो, की हे गाव आपल्या जैनथजवळ नसून जैनूर मंडलात आहे. इंद्रवेल्ली, उटनूर असे करीत डोंगर चढत गेले म्हणजे ते लागते. २०१६ साली जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. त्या काळी या रानात वाघाची भीती होती आणि वाघाहूनही अधिक हिवतापाची. अशा ठिकाणी या दोघांनी डाक बंगल्यात न उतरता गोंडांच्या वस्तीतच घर केले. ते गोंडी भाषा शिकले. प्रधान लोक किंगरीच्या साथीवर गोंडांच्या कुळांच्या आणि देवांच्या कथा गातात, त्या त्यांनी ऐकल्या व लिहून घेतल्या. दिवाळीच्या सुमारास दंडारीत मोरपिसांचा मुकुट घालून नाचणारे गुसाडी त्यांनी पाहिले. तेव्हा ज्या नृत्याची खबर डोंगराबाहेर क्वचितच कोणास होती, त्यासाठी पुढे २०२१ साली याच मारलवाईचे कनक राजू यांना पद्मश्री हा बहुमान लाभला.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. हायमेनडॉर्फ हे केवळ जिज्ञासू प्रवासी म्हणून या डोंगरात राहिले नाहीत. १९४० साली जमीन आणि जंगल यांवरील हक्कांसाठी उठलेला गोंड नेता कुमरम भीम जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीस बळी पडला. उठाव मोडला, पण तो का झाला हा प्रश्न उरला, आणि तो शोधण्याचे काम सरकारने हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपविले. त्यांना आढळले ते असे: पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा कागद गोंडाजवळ नाही, जंगल राखीव झाले की त्याचे शेत एका रात्रीत अतिक्रमण ठरते, आणि उरलेसुरले सावकाराच्या वहीत जाते. त्यांचे हे अहवाल १९४५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पुढे १९४९ पर्यंत ते निजाम सरकारचे आदिवासीविषयक सल्लागार होते. त्या काळात हजारो गोंड आणि कोलाम कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकावीत, हा दरबाराचा प्रघातही त्यांनीच पाडला. लोकांनी कचेरीकडे जाण्याऐवजी कचेरीच लोकांकडे आली.

विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे काम १९४३ साली मारलवाईस सुरू झाले. गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र तेथे उघडण्यात आले आणि मुलांसाठी गोंडी भाषेची क्रमिक पुस्तके देवनागरी लिपीत छापण्यात आली. राज्याची भाषा उर्दू, बाजाराची मराठी किंवा तेलुगू. अशा वेळी गोंड मुलाच्या हाती पहिले पुस्तक पडले ते त्याच्या आईच्या भाषेचे. लिपी देवनागरी असल्यामुळे पुढे मराठी वाचताना त्याला दुसरी अक्षरे गिरवावी लागली नाहीत.

या गोष्टीचे मोल आम्हांस जरा अधिक कळते. आम्ही कोकणीभाषक. घरात एक भाषा आणि पाटीवर दुसरी, अशा वातावरणात आम्ही वाढलो. मराठीने आम्हांस पुष्कळ दिले आणि तिच्याच आधाराने आम्ही या गावी अध्यापन करतो. तरीसुद्धा घरच्या भाषेतला शब्द छापलेला पाहिला म्हणजे मुलाच्या चेहऱ्यावर जे तेज येते, ते आम्ही जाणतो. आपण शाळेत शिकण्याजोगे आहोत, हे त्याला त्या एका शब्दातून उमगते.

या कार्यात मराठी माणसाचाही वाटा आहे. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांना आपण इतिहासकार म्हणून ओळखतो. हैदराबाद संस्थानाच्या सेवेत ते आदिलाबादच्या गोंडांत काम करीत असताना गोंडी शिकले आणि १९४९ साली या गोंडांवर त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. अंमलदाराने हुकूम देण्यापूर्वी ऐकायला शिकावे, याचा तो उत्तम धडा होय.

आणि बेट्टी? साहसकथांत नायकाची पत्नी बहुधा घरी वाट पाहत बसलेली असते. ही तशी नव्हती. नल्लमलाच्या रानापासून ती प्रत्येक मोहिमेत बरोबरीने चालली. १९४४ मध्ये ईशान्येकडील सुबनसिरीच्या प्रदेशात, सडक नसलेल्या मुलखातून, हमालांच्या तांड्याबरोबर पायी चालून हे दोघे आपातानी लोकांच्या खोऱ्यात पोहोचले. नांगर नाही, बैल नाही, तरी हातांनीच राखलेली भाताची पाणथळ खाचरे त्यांनी तेथे पाहिली. बेट्टी रोजनिशी लिहीत असे. राजगोंडांवरील १९४८ च्या ग्रंथावर सहकारी म्हणून तिचे नाव आहे. १९७९ च्या ग्रंथावर तर दोघांचीही नावे लेखक म्हणून आहेत. दक्षिण आशियाच्या मानववंशशास्त्रावरील लेखनाची मोठी सूचीही तिने तयार केली. पद्मावतीचे नाव शिळेवर राहिले, बेट्टीचे ग्रंथांवर राहिले.

१९४९ नंतर हे दांपत्य लंडनला गेले. हायमेनडॉर्फ तेथील विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि नेपाळातील शेर्पांच्या अभ्यासाने त्यांची कीर्ती वाढली. पण आदिलाबादचा संबंध तुटला नाही. १९७०-८० या दशकात ते पुन्हा येथे आले, तेव्हा त्यांना जे दिसले ते सुखकारक नव्हते. पट्टे मिळालेल्या कित्येक जमिनी गोंडांच्या हातून निसटून बाहेरून आलेल्यांच्या हाती गेल्या होत्या. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीस जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यानंतरच्या वर्षी हायमेनडॉर्फ यांचा भारतातील जमातींच्या जीवनसंघर्षावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बाहेरून आलेल्यांत तेलुगू होते, तसे मराठी बोलणारेही होते. हे वाचताना आपण मान खाली घालण्याची गरज नाही. पण नजर दुसरीकडे वळवणेही बरे नव्हे.

११ जानेवारी १९८७ रोजी बेट्टी हैदराबादेस निवर्तली. तिचा देह तिच्या मायदेशी नेण्यात आला नाही. मारलवाईच्या मातीतच तिला विसावा मिळाला. १९९५ साली हायमेनडॉर्फ लंडनला वारले आणि कालांतराने त्यांच्या अस्थीही तेथेच, तिच्या शेजारी ठेवण्यात आल्या. दरवर्षी ११ जानेवारीस गोंड मंडळी तेथे जमून त्या दोघांचे स्मरण करतात. युद्धाच्या एका हुकुमाने जो मुलूख त्यांच्यावर लादला, तोच त्यांनी अखेर आपला मानला, आणि त्या मुलखानेही त्यांना आपले म्हटले.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या नोकरीसाठी हैदराबाद, पुणे, मुंबई येथे जातील. एखादा समुद्रापारही जाईल. तेथे गेल्यावर डोंगर चढा, नद्या पाहा, चित्रे काढा. पण आधी तेथल्या लोकांची भाषा कानांवर पडू द्या. त्या तयारीला फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच वर्गात गोंडी किंवा कोलामी बोलणारा मित्र असेल, तर पाणी, भाकर, आई, पाऊस, वाट हे पाच शब्द त्याच्याकडून या आठवड्यात शिकून घ्या. ते वहीत देवनागरीत लिहा आणि त्याला मोठ्याने वाचून दाखवा. तो तुमचे उच्चार दुरुस्त करील, कदाचित हसेलही. हसू द्यावे, मारलवाईस त्या दोघांचा अभ्यासही असाच सुरू झाला असेल.