कोड न लिहिणारा इंजिनिअर

होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी असा मुलगा असतो, की सबमिशनच्या आठवड्यात त्याच्या रूमबाहेर चपलांचा ढीग पडतो. कोड चालत नाही म्हणून त्याच्याकडे कुणी येत नाही. ब्लॅक बुकचा तिसरा चॅप्टर नीट करून दे, सेमिनारची स्क्रिप्ट बघ, रेक्टर सरांना अर्ज लिहून दे, ही त्याच्याकडची कामं. एका वडापाववर तो सगळं करतो आणि स्वतःचं जर्नल मात्र शेवटच्या रात्री उतरवत बसतो. आमच्या वेळी बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावरचा तो मुलगा मी होतो. ब्रँच इलेक्ट्रिकल, एम-थ्रीची केटी, आणि कॅम्पसच्या दोन कोडिंग टेस्टमध्ये पहिल्याच राउंडला बाहेर.

तेव्हा माझी पक्की समजूत होती की आपण इंजिनिअर म्हणून फुकट गेलो. आता बँकेच्या परीक्षा द्यायच्या, नाहीतर एमबीए. मॅगझिनच्या संपादकांनी ‘आयटीतली नॉन-टेक्निकल करिअर्स’ या विषयावर लिहा म्हटलं, तेव्हा आधी तेच दिवस आठवले. आणि हेही आठवलं की हा ‘नॉन-टेक्निकल’ शब्दच मुलांची दिशाभूल करतो. तो ऐकून असं वाटतं की ज्याला मशीन आवडत नाही त्याच्यासाठी मागचं दार उघडं आहे. तसं दार नाही. मशीन अजिबात आवडत नसेल तर खुशाल दुसऱ्या क्षेत्रात जा, त्यात कमीपणा काही नाही.

कंपनीच्या इमारतीत कोड न लिहिणारे लोक बरेच असतात. ग्राहकाचा चिडलेला फोन घेऊन दोष नेमका कुठं आहे ते शोधणारा सपोर्ट इंजिनिअर, बँकेच्या माणसाला काय हवंय ते त्याच्याकडून काढून घेऊन डेव्हलपरला समजेल असं मांडणारा बिझनेस अॅनालिस्ट, विक्रीच्या आधी डेमो देणारा प्री-सेल्सवाला. पेटंटचं कामही आहे. पेटंट एजंटच्या परीक्षेला कायद्याची पदवी लागत नाही, विज्ञान किंवा इंजिनिअरिंगची लागते. १०० मार्कांचे दोन पेपर आणि ५० मार्कांची तोंडी परीक्षा. ही गोष्ट फायनल इयरला गेलेल्या मुलांनाही माहीत नसते. पण या सगळ्यांबद्दल मी ऐकीव लिहिणार. मला आतून माहीत असलेलं काम एकच, टेक्निकल रायटिंग. म्हणून पुढचं सगळं त्याबद्दलच.

मशीन किंवा सॉफ्टवेअरबरोबर जे जे लिहिलेलं जातं, ते टेक्निकल रायटरचं. मॅन्युअल, इन्स्टॉलेशन गाइड, रिलीज नोट्स, एपीआयची माहिती, आणि पुष्कळदा स्क्रीनवर येणारे एरर मेसेजसुद्धा. घरच्यांना वाटतं हा दिवसभर लिहीत बसतो. खरं तर लिहायला थोडाच वेळ जातो. बाकीचा वेळ जातो विचारण्यात, आणि स्वतः करून बघण्यात. माझ्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. एका पॅनेलच्या जोडणीच्या सूचनांत मी ऐटीत लिहिलं, ‘बोल्ट व्यवस्थित घट्ट करा.’ सीनियर मॅडमनी ‘व्यवस्थित’ला लाल गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘म्हणजे किती न्यूटन-मीटर?’ मला माहीत नव्हतं. डिझाइनवाल्यांकडे आकडा होता, पण तो त्यांच्या ड्रॉइंगमध्येच बसून होता. शॉप फ्लोअरवरचा फिटर अंदाजानं आवळत होता. तिघांच्या मध्ये एक ओळ कमी होती, आणि ती लिहिण्याचा पगार मला मिळत होता.

ओळ कमी पडली तर काय होतं, याचं एक उदाहरण प्रत्येक ब्रँचच्या मुलानं वाचायला हवं. थेरॅक-२५ हे कॅन्सरच्या रुग्णांना किरणोत्साराचे उपचार देणारं यंत्र कॅनडाच्या एईसीएल या सरकारी कंपनीनं बनवलं होतं. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्यानं सहा रुग्णांना मात्रेच्या कितीतरी पट डोस दिला. काही त्यातून दगावले. मूळ दोष सॉफ्टवेअरचा, शिवाय जुन्या मॉडेलमधली हार्डवेअरची सुरक्षा काढून टाकलेली. हे कॉम्प्युटरच्या मुलांना शिकवतातही. पण मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी काय घडलं ते पाहा. यंत्र थांबलं आणि पडद्यावर अक्षरं आली, ‘मालफंक्शन ५४’. बाकी काही नाही. डोस जवळजवळ गेलाच नाही असं तोच पडदा दाखवत होता. यंत्राबरोबर आलेल्या मॅन्युअलमध्ये या कोडचा अर्थ दिलेला नव्हता. यंत्र असं अधूनमधून अडायचंच, म्हणून ऑपरेटर बाईंनी नेहमीप्रमाणे पुढे जाण्याची ‘पी’ ही कळ दाबली. पहिला जबरदस्त डोस आधीच गेलेला होता. आता दुसरा गेला.

नंतर कळलं की ५४ चा अर्थ होता, डोस फार जास्त तरी गेला आहे किंवा फार कमी तरी. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या अपघातांची जी चिकित्सा लिहिली, तिच्यात हे सगळं तपशिलानं आहे. मॅन्युअल हे अपघाताचं मूळ कारण नव्हे, हे मी मुद्दाम सांगतो. नाहीतर आमच्या धंद्यातले लोक या गोष्टीतून स्वतःचं महत्त्व जरा जास्तच वाढवतात. पण ‘रुग्णाला पुन्हा डोस देऊ नका, आधी तंत्रज्ञाला बोलवा’ एवढी एक ओळ तिथं असती, तर ती कळ दाबण्याआधी बाईंचा हात थांबला असता असं मला वाटतं.

आता आपल्या घरात या. मशीन्स लॅबचं जर्नल उघडा. डीसी सिरीज मोटरवरची लोड टेस्ट. एम, अॅपरॅटस, थिअरी, प्रोसीजर, ऑब्झर्वेशन टेबल, रिझल्ट, कन्क्लूजन. आणि अगदी शेवटी, सहीच्या जरा वर, ‘प्रिकॉशन्स : मोटर नो-लोडवर सुरू करण्यात येऊ नये.’ मोटर सुरू होऊन, रीडिंग घेऊन, ग्राफ काढून झाल्यावर आपण वाचणाऱ्याला सांगतो की सुरू करताना काय करायचं नव्हतं! मी स्वतः चार वर्षं असंच उतरवलं. कुणाला खटकलं नाही, कारण ते वाचून मोटर सुरू करायचीच नसते. लॅब असिस्टंट सुरू करून देतात, आणि जर्नल असतं सर्टिफाय करायला.

हेच पान ज्याच्यासमोर मोटर आहे आणि बाजूला कुणी नाही, अशा माणसासाठी लिहायचं झालं तर साधारण असं होईल :

इशारा : ही मोटर लोडशिवाय सुरू केल्यास तिचा वेग अनावर वाढतो. मोटरचे तुकडे उडून गंभीर इजा होऊ शकते.
१. ब्रेक ड्रमवरचा पट्टा आवळा. स्प्रिंग बॅलन्सवर ताण दिसतो का ते पाहा.
२. स्टार्टरचं हँडल ‘ऑफ’वर आहे का ते पाहा.
३. सप्लाय ऑन करा.
४. हँडल सावकाश पुढे न्या.
इशारा : मोटर फिरत असताना पट्टा सैल सोडू नका.
५. रीडिंग संपल्यावर आधी सप्लाय बंद करा. मोटर पूर्ण थांबल्यावर पट्टा सोडा.

यात साहित्य काहीच नाही. पण बघा, इशारा ज्या कृतीचा आहे तिच्या आधी आला, आणि न ऐकल्यास काय होईल तेही सांगितलं. मॅन्युअलमधल्या इशाऱ्यांना अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५ या मानकात पायऱ्या आहेत. न टाळल्यास मृत्यू किंवा गंभीर इजा होईलच तिथं ‘डेंजर’, होऊ शकेल तिथं ‘वॉर्निंग’, किरकोळ किंवा मध्यम इजेसाठी ‘कॉशन’, आणि फक्त वस्तूचं नुकसान असेल तर ‘नोटिस’. आपण मात्र सगळ्याला ‘प्रिकॉशन’ म्हणून मोकळे होतो. दुसरं म्हणजे ‘करण्यात यावे’ गेलं आणि ‘करा’ आलं. ‘सप्लाय बंद करण्यात यावा’ म्हटलं की चार जणांच्या बॅचमध्ये प्रत्येकाला वाटतं, दुसरा करेल.

विमानांच्या देखभालीच्या पुस्तकांसाठी तर एएसडी-एसटीई१०० नावाची बांधीव इंग्रजीच आहे. एका शब्दाला शक्यतो एकच अर्थ, आणि कृती सांगणारं वाक्य जास्तीत जास्त वीस शब्दांचं. आपल्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांना हे ऐकून मोठा दिलासा मिळतो. ज्या भपकेबाज इंग्रजीच्या धास्तीनं आपण जीडीमध्ये गप्प बसतो, ती इथं चालतच नाही. छोटी वाक्यं बरोबर लिहिता आली पाहिजेत, बस.

सॉफ्टवेअरमध्येही हेच. काही पेमेंट एपीआयमध्ये रक्कम पैशांत द्यावी लागते, म्हणजे ५०० रुपयांसाठी ५०००० लिहायचे. ही ओळ डॉक्युमेंटमध्ये नसेल तर काय होईल ते तुम्हीच ठरवा. मराठी येणाऱ्याला तर आणखी एक दोष पटकन दिसतो. प्रोग्रामर नाव आणि क्रियापद जोडून मेसेज बनवतो. इंग्रजीत चालून जातं, मराठीत ‘स्नेहल सामील झाला’ की ‘झाली’ इथं गाडी अडते. हे कोड लिहिणाऱ्याला वेळेत सांगणं हेही कामच आहे.

आता कडू भाग. माझा पहिला पगार माझ्या रूम पार्टनरच्या पहिल्या पगारापेक्षा कमी होता, आणि तो फरक भरून यायला वेळ लागला. ‘कोडिंग जमलं नाही म्हणून लिहितोस का?’ हा प्रश्न मला मामांनी विचारला, आणि एका टीम लीडनंही विचारला. मामांना उत्तर देणं सोपं गेलं. आज परिस्थिती आणखी अवघड आहे. पहिला मसुदा एआय मिनिटात काढून देतो, म्हणून नुसतं बरं इंग्रजी येणाऱ्याला आत शिरणं कठीण झालंय. अमेरिकेतली एसटीसी ही आमच्या व्यवसायाची १९५३ पासूनची संस्था जानेवारी २०२५ मध्ये बंद पडली. हे लपवून तुम्हाला बोलावणं बरोबर नाही. पण त्या मसुद्यातला टॉर्क खरा की मनचा, हे बोल्टपाशी जाऊन बघावं लागतं. तिथं अजून माणूस लागतो, आणि त्या माणसाला मशीन समजावं लागतं. म्हणून केटी काढा. ‘मला नॉन-टेकला जायचंय’ म्हणून कंट्रोल सिस्टिम सोडू नका. माझ्या कामात ती मला एम-थ्रीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडली.

सुरुवात करायला क्लास लावू नका. गूगलचे टेक्निकल रायटिंगचे प्राथमिक धडे फुकट आहेत, ते दोन-तीन रविवारात होतात. मार्कडाउन आणि गिट शिकून घ्या. एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टची इन्स्टॉल करण्याची माहिती वाचत वाचत ते सॉफ्टवेअर खरोखर आपल्या मशीनवर चढवा, जिथं अडलात ती ओळ दुरुस्त करून पाठवा. इंटरव्ह्यूला मार्कशीटबरोबर लिहिलेलं काहीतरी दाखवायला लागतं, ते असं जमतं.

आणि स्टाफला एक विनंती. टर्म वर्कमध्ये एखाद्या बॅचला एका प्रयोगाचं पान नव्यानं लिहायला द्या. तपासायला सोपं आहे. ते पान घेऊन फर्स्ट इयरच्या मुलाला मशीनसमोर उभं करायचं, लॅब असिस्टंट शेजारी, मेन स्विच त्यांच्या हातात. लिहिणाऱ्यांनी मागे भिंतीला टेकून थांबायचं. तो मुलगा वाचून जोडणी करेल, कुठंतरी अडेल, मान वळवून तुमच्याकडे बघेल. तेव्हा बोलायचं नाही. कुठल्या ओळीवर अडला तेवढं टिपून घ्यायचं.