भास, चुळबूळ आणि झोप

रात्री खोलीत कुणीतरी उभे दिसते, छातीवर येऊन बसते, हातपाय हलत नाहीत, असे दहा-बारा वर्षांचे मूल सांगू लागले की घरातील मंडळी आधी बाहेरची बाधा समजतात. पुढे ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पोहोचते. यांपैकी काहींना मनोविकार असतो. काहींना मात्र नार्कोलेप्सी हा निद्राविकार असतो आणि तो न ओळखला गेल्यास वर्षानुवर्षे मनोविकाराचीच औषधे चालू राहतात.

या विकारास हे नाव फ्रेंच वैद्य जेलिनो यांनी १८८० मध्ये दिले. मेंदूतील ओरेक्सिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट झाल्याचे २००० मध्ये दिसून आले. स्वप्नावस्था जागेपणात शिरते. हे भास म्हणजे एक प्रकारे उघड्या डोळ्यांनी पडलेले स्वप्नच. म्हणूनच ते झोप लागताना वा जाग येताना होतात. मनोविकारातील भास पूर्ण जागेपणीही होतात व त्यांत आवाजांचे प्राबल्य असते. वेळ विचारण्यास दोन मिनिटे पुरतात. पण विचारतो कोण?

मुलांमध्ये चित्र अधिक फसवे असते. पेंगण्याऐवजी मूल चिडके, चुळबुळे होते आणि अतिचंचल ठरते. हसताना गुडघे लटपटणे ही कॅटाप्लेक्सीची परिचित खूण. परंतु मुलांत आरंभी नुसता चेहरा सैल पडतो, पापण्या झुकतात, जीभ बाहेर येते, तेही कधी हसण्यावाचून. शुद्ध हरपत नाही, तरीही त्यास फिट किंवा नाटक म्हटले जाते. आजाराच्या आरंभीच वजन भराभर वाढू शकते. ओलान्झापिन चालू असेल, तर वजन आणि गुंगी दोन्ही औषधाच्याच खाती जमा होतात.

नैराश्यावरील अनेक औषधे कॅटाप्लेक्सी दाबून ठेवतात. ती अचानक थांबविल्यास झटके एकामागून एक येऊ शकतात. शिवाय दोन्ही आजार एकत्र असू शकतात. म्हणून पालकांनी कोणतेही औषध परस्पर बंद करू नये.

निदानासाठी रात्रभर झोपेची नोंद व दुसऱ्या दिवशी डुलक्यांची चाचणी करतात. सरासरी आठ मिनिटांच्या आत झोप लागणे आणि किमान दोनदा लगेच स्वप्नावस्था येणे, हे तिचे निकष होत. तत्पूर्वी दोन आठवडे झोपेची रोजनिशी ठेवावी. आपल्या बऱ्हाणपुरात पॉवरलूमच्या खडखडाटात, रात्रपाळीच्या घरांत अपुरी झोप हेच पेंगण्याचे कारण असू शकते. ते आधी वगळावे. छोट्या डुलकीनंतर मूल ताजेतवाने होऊन थोड्याच वेळात पुन्हा पेंगते का, हेही शिक्षकांना आवर्जून विचारावे.