समुद्राची वार्ता आणि वर्ध्याची पेरणी

वर्धा जिल्ह्यातील शेतकरी सायंकाळी हवामानाचा अंदाज ऐकावयास बसतो, तेव्हा आरंभीची दोन-तीन वाक्ये तो सहसा सोडून देतो. समुद्र खवळलेला राहील, लाटा उंच उठतील, मच्छीमारांनी होड्या समुद्रात नेऊ नयेत, अशा अर्थाची ती वाक्ये असतात. सेलू, देवळी किंवा हिंगणघाट तालुक्यातील माणसास होडीशी काय कर्तव्य? विदर्भाचे नाव येईपर्यंत तो तंबाखू मळीत बसतो, आणि विदर्भाचा अंदाज एका वाक्यात संपला की उठतो. ज्या वाक्यांकडे त्याने कान दिला नाही, त्यांतच त्याच्या शेतावर दोन-तीन दिवसांनी येणाऱ्या पावसाची पहिली वर्दी पुष्कळदा असते. मात्र समुद्राची प्रत्येक वार्ता वर्ध्याच्या उपयोगाची नसते. कोणती धरावी आणि कोणती सोडावी, हे गावपातळीवरील कार्यकर्त्याने स्वतः समजून घेऊन शेतकऱ्यांस सांगणे आवश्यक आहे.

आपल्या देशात हवामानाचा इशारा देण्याची पद्धत शेतासाठी नव्हे, तर जहाजांसाठी सुरू झाली. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळ झाले आणि त्यानंतर १८६५ मध्ये त्या बंदरासाठी वादळाची सूचना देण्याची व्यवस्था करण्यात आली. हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र हवामानवृत्त प्रसारित होऊ लागले ते १९४५ मध्ये. म्हणजे बंदरावर धोक्याचा बावटा चढू लागल्यानंतर ऐंशी वर्षांनी शेताच्या धुऱ्यापर्यंत इशारा पोहोचला. अंदाजाच्या भाषेत समुद्राला आजही पहिले स्थान आहे, त्यात नवल नाही.

वर्ध्याहून सरळ रेषेत मोजल्यास पश्चिमेचा आणि पूर्वेचा असे दोन्ही समुद्र सुमारे ६०० किलोमीटर दूर आहेत. पाऊस पश्चिमेच्या समुद्राकडूनच येत असावा, असा पुष्कळांचा समज असतो. आणि पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून वाहत असल्याने तो समज दृढ होतो. परंतु महाराष्ट्राच्या पर्जन्यमानाचा क्रम पाहिला असता निराळेच चित्र दिसते. कोकणात वर्षाला २५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडताच तो ५०० ते ६०० मिलिमीटरवर उतरतो, कारण अरबी समुद्रावरून आलेल्या वाऱ्याचे बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच रिते होते. तेथून पूर्वेकडे जावे तसा पाऊस पुन्हा वाढत जातो. वर्ध्यास तो सुमारे १००० मिलिमीटर आहे आणि गडचिरोलीस त्याहून अधिक. समुद्रापासून दूर जाताना पाऊस वाढतो, याचा अर्थ पाण्याची दुसरी वाट पूर्वेकडून आहे.

म्हणून रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर मोठ्या लाटा उठल्याचे ऐकून वर्ध्यात तिफण जुंपणे शहाणपणाचे नाही. लाट किती उंच होणार हे तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग किती, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबच्या पाण्यावरून वाहत आला. लाटेचा आणि पावसाचा संबंध थेट नाही. लाट वाऱ्याची साक्ष देते. ज्या किनाऱ्यापुढे बेट नाही, भूशिर नाही, खाडीचा आडोसा नाही, अशा उघड्या पुळणीवर तर हजारो किलोमीटर दूरच्या वादळाने उठवलेल्या लाटाही येऊन फुटतात. केरळच्या किनाऱ्यावर आकाश निरभ्र असताना एकाएकी समुद्र घरांत शिरतो, त्यास तेथे ‘कल्लक्कडल’ म्हणतात. त्या लाटा दक्षिण हिंदी महासागरातील वादळांच्या असतात. हैदराबाद येथील राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र लाटांची उंची आधी वर्तविते, ती मच्छीमारांच्या व किनाऱ्यावरील वस्तीच्या रक्षणासाठी.

२०२३ च्या जून महिन्याने हा धडा स्पष्टपणे दिला. त्या वर्षी ६ जून रोजी अरबी समुद्रात बिपरजॉय हे चक्रीवादळ निर्माण झाले. कोकणचा किनारा उंच लाटांनी धुऊन निघाला. ८ जूनला मान्सून केरळात आला, ११ जूनला रत्नागिरीपर्यंत पोहोचला, आणि तेथेच थबकला. वादळाने आजूबाजूचे बाष्प आपल्याकडे ओढून घेतले आणि १५ जून रोजी ते कच्छमध्ये जखाऊ बंदराजवळ जमिनीवर आले. समुद्राच्या बातम्यांनी सर्वांचे कान भरले असता विदर्भात मात्र ऊन तापत होते. जूनचे तीन आठवडे उलटल्यावर पूर्वेकडील शाखा जागी झाली, तेव्हाच येथे मान्सून आला. पश्चिमेच्या समुद्राची गर्जना ऐकून ज्याने बी मातीत टाकले असेल, त्याच्या बियाण्याचे काय झाले असेल हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

आता पूर्वेकडे वळू. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत बंगालच्या उपसागरात व त्याच्या लगतच्या प्रदेशात सरासरीने बारा ते चौदा कमी दाबाची क्षेत्रे निर्माण होतात. विशेषतः उपसागराच्या वायव्य भागात, म्हणजे ओडिशा व पश्चिम बंगालच्या किनाऱ्यासमोर, ती जन्मतात आणि बहुधा पश्चिम-वायव्य दिशेने ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असा प्रवास करतात. विदर्भावर त्यांचा परिणाम साधारणपणे दोन ते तीन दिवसांत दिसू लागतो. ‘वायव्य बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचे क्षेत्र’ हे शब्द ज्या दिवशी कानी पडतील, तो दिवस वर्ध्याच्या शेतकऱ्याने भिंतीवर खडूने लिहून ठेवावा.

या क्षेत्रांना त्यांच्या जोराप्रमाणे नावे आहेत. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरहून कमी असेल तर ते कमी दाबाचे क्षेत्र. त्याहून वेग वाढला की तो अवदाब, ५० च्या पुढे गेला की तीव्र अवदाब, आणि ६२ किलोमीटरपासून पुढे चक्रीवादळ. पावसाळ्यातील बहुतेक क्षेत्रे पहिल्या दोन प्रकारांतच राहतात. नाव लहान म्हणून पाऊस लहान असे मात्र समजू नये; साध्या कमी दाबाच्या क्षेत्रानेही चार-चार दिवसांची झड लागते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट मार्गाची. अवदाबाचा सर्वांत जोराचा पाऊस त्याच्या केंद्रावर पडत नसून केंद्राच्या नैऋत्य भागात पडतो. केंद्र उत्तर छत्तीसगड व पूर्व मध्य प्रदेशाकडून जात असेल, तर वर्धा नेमका त्याच्या नैऋत्येस येतो आणि जिल्ह्यास भरपूर पाऊस मिळतो. तेच केंद्र तेलंगणाकडून, म्हणजे वर्ध्याच्या दक्षिणेकडून गेले, तर जोराचा पाऊस आणखी दक्षिणेस सरकतो आणि येथे ढगच अधिक दिसतात. शाळेतील नकाशावर बोट ठेवून हे एकदा दाखविले की शेतकरी ते विसरत नाही. २०२२ च्या जुलैमध्ये अशी क्षेत्रे लागोपाठ आली, तेव्हा वर्धा जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, नद्या-नाले पात्र सोडून वाहिले आणि हिंगणघाट व समुद्रपूर तालुक्यांत उभी पिके पाण्याखाली गेली.

पूर्वेचा समुद्र शांत असणे ही देखील वार्ताच आहे. उपसागरात काहीच घडत नाही आणि कमी दाबाचा पट्टा उत्तरेस हिमालयाच्या पायथ्याशी सरकला आहे, असे अंदाजात आले तर आपल्याकडे पावसाचा खंड पडणार असे समजावे. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तो अशाच दीर्घ खंडामुळे. खंडाची चाहूल लागताच डवरणी करून जमिनीचा वरचा थर भुसभुशीत ठेवावा, म्हणजे भेगा बुजतात व ओल टिकते. ज्याच्याकडे विहीर किंवा शेततळे आहे, त्याने संरक्षित पाण्याची तयारी पीक कोमेजण्यापूर्वीच करावी.

यानंतर अंदाजातील ठिकाणांचे शब्द. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ हे ऐकून गावात पाऊस पडला नाही की ‘अंदाज खोटा ठरला’ अशी टीका होते. वस्तुतः चारांपैकी तीन गावांत मुसळधार पाऊस होणार नाही असेच त्या शब्दांनी सांगितलेले असते. पावसाच्या मापाचेही तसेच आहे. चोवीस तासांत २.५ मिलिमीटर पडला तर तो पावसाचा दिवस धरतात, १५.५ पर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, ११५.५ पर्यंत मुसळधार व २०४.४ पर्यंत अति मुसळधार. पेरणीच्या दृष्टीने ‘हलका’ हा शब्द सर्वांत फसवा आहे, कारण तो अंगणात चिखल करतो आणि शेतात काहीच करीत नाही.

येथे मृगाचा विचार करणे प्राप्त आहे. मृग नक्षत्र दरवर्षी ७ किंवा ८ जूनला लागते, कारण ते सूर्याच्या गतीवर ठरते. मान्सून मात्र तिथीस बांधलेला नाही. मृगाच्या पहिल्या सरी पुष्कळदा स्थानिक उष्णतेने उठलेल्या वळवाच्या असतात: दुपारनंतर ढग उंच चढतात, वारा सुटतो, कडकडाट होतो, तासाभरात एका शिवारात पाणी साचते आणि शेजारच्या शिवारात धूळ उडत असते. मान्सूनचा पाऊस ढगांच्या खालच्या, करड्या छताखाली येतो, रात्रीही पडतो, हवा गार राहते आणि गावोगावी सारखा असतो. एक इंच, म्हणजे २५ मिलिमीटर पाऊस कोरड्या भारी काळ्या जमिनीत वीतभरही उतरत नाही. वरचे बी त्या ओलीने फुगते, मोड येतो, मुळी खाली जाते आणि खाली कोरडी माती लागते. पुढे आठ दिवस ऊन पडले की तास रिकामे दिसू लागतात.

याकरिता एकूण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी करावी, अशी कृषी विभागाची शिफारस आहे. सोयाबीनला एकरी सुमारे ३० किलो बियाणे लागते. दुबार पेरणी म्हणजे तितकेच बियाणे पुन्हा, खत पुन्हा आणि तिफणीची मजुरी पुन्हा. आणि घरचे राखलेले बी संपलेले असल्याने दुसऱ्या वेळी ते उधारीवर आणावे लागते. कोरडवाहू कुटुंबाचे वर्ष त्यात बुडते. उलट थांबल्याने हंगाम हातचा जात नाही, कारण सोयाबीन व कपाशी या दोन्हींची पेरणी जुलैच्या मध्यापर्यंत साधता येते. शेजाऱ्याचे शेत पेरून झाले हे पेरणीचे कारण होऊ शकत नाही, परंतु गावात सर्वांत अधिक चालणारे कारण तेच आहे.

पाऊस किती झाला हे अंदाजाने सांगू नये, मोजावे. महसूल मंडळाच्या ठिकाणी स्वयंचलित केंद्र असले तरी वळवाच्या दिवसांत मंडळाचा आकडा आपल्या शिवारास लागू पडेलच असे नाही. सरळ उभ्या बाजूंचा, वर व खाली सारख्याच रुंदीचा डबा उघड्या जागी, झाडापासून व भिंतीपासून तिच्या उंचीच्या दुपटीइतका दूर, पक्का बसवावा. रोज सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाणी मोजून डबा रिता करावा. बादली चालत नाही. तिचे तोंड रुंद असल्याने माप फुगते.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज तीन ओळी लिहाव्यात. पहिली पूर्वेच्या समुद्राची: उपसागरात कमी दाब आहे की नाही, असल्यास तो कोणीकडे चालला आहे. दुसरी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राने दिलेल्या जिल्ह्याच्या अंदाजाची व इशाऱ्याच्या रंगाची. तिसरी गावात मोजलेल्या पावसाची, आरंभापासूनच्या बेरजेसह. मंगळवारी व शुक्रवारी निघणारा पीकसल्ला त्याखाली लावावा. पहिल्या ओळीत कमी दाब, दुसरीत ‘बहुतांश ठिकाणी’ आणि तिसरीत ७५ च्या पुढचा आकडा, असे तिन्ही जुळले की तिफण काढावी. तिसरीत आकडा ४० असेल आणि पूर्वेस काहीच नसेल, तर बियाण्याची पिशवी शिवलेलीच राहू द्यावी. विजांचा इशारा असेल त्या दुपारी शेतातील माणसांना व गुरांना झाडाखाली थांबू देऊ नये, हे फळ्यावर वेगळ्या खडूने लिहावे.

हीच पहिली ओळ ऑक्टोबरात पुन्हा कामास येते. मान्सून परतीस लागल्यावर उपसागरात होणारी वादळे अधिक जोराची असतात आणि त्यांचे ढग आंध्र किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावरून विदर्भापर्यंत पोहोचतात. त्या वेळी सोयाबीन कापून शेतात पडलेले असते व कपाशीची बोंडे उमललेली असतात. पूर्वेस कमी दाब झाल्याचे कळताच कापलेल्या सोयाबीनची गंजी उंचवट्यावर लावून ताडपत्रीने झाकावी, फवारणी पुढे ढकलावी आणि फुटलेला कापूस पाऊस येण्यापूर्वी वेचून घ्यावा. वेचणी राहून कापूस भिजलाच, तर तो पुरता वाळल्याखेरीज वेचू नये, आणि वेचल्यावर आधीच्या कोरड्या कापसात न मिसळता वेगळा ठेवावा.