गुळवेल, साखरेची गोळी आणि यकृत

टाइप २ मधुमेह आणि चरबीयुक्त यकृत बहुधा जोडीने येतात. या मधुमेहाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या यकृतात चरबी साठलेली आढळते. साखरेसाठी घेतलेला काढा किंवा चूर्ण रिचवायचे काम त्यामुळे आधीच थकलेल्या यकृतावर पडते. बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात 'झाडपाल्याचं आहे, अपाय कसला' असे सहज म्हटले जाते. हा भरवसा तपासून घ्यावा असाच आहे.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेली मेथी, बेडकीचा पाला ही इथली नेहमीची नावे. यातल्या काहींनी साखर थोडीफार उतरते, हे खरे. धोकाही तिथेच आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना सकाळी उपाशीपोटी पेलाभर कारल्याचा रस घेतला की दोन्हींचा परिणाम एकत्र होतो. मग दारे धरताना बांधावरच घाम फुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. ताटातली कारल्याची भाजी आणि बाटलीतला अर्क यांत मोठा फरक आहे, कारण अर्कात कितीतरी फळांचा अंश एका मात्रेत उतरतो.

गुळवेलीचा अनुभव अधिक गंभीर आहे. प्रस्तुत लेखकाच्या चुलत्यांनी करोनाच्या काळात साखर आणि प्रतिकारशक्ती या दोन्हींसाठी ती सुरू केली. बांधावरच्या कडुनिंबावरून बोटभर जाडीचे कांडे तोडायचे, ठेचून रात्रभर भिजवायचे, सकाळी उकळून अर्धे आटवायचे. काही आठवड्यांनी अन्नावरची वासना उडाली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे पडले. यकृताच्या तपासणीत बिलिरुबिन आणि एसजीपीटी खूप वाढलेले निघाले. विषाणूजन्य कावीळ नव्हती. काढा बंद केल्यावर आकडे हळूहळू उतरले.

असे रुग्ण इतरत्रही आढळले. मुंबईच्या डॉ. आभा नागराळ आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढे देशातील १३ केंद्रांमधून ४३ रुग्णांचा अभ्यास आला. गुळवेलीने प्रतिकारशक्ती चेतवली जाऊन ती यकृतावरच उलटते, विशेषतः मुळात तसा कल असलेल्यांत, असे त्यातून दिसते. आयुष मंत्रालयाने हा संबंध मान्य केला नाही आणि मिळत्याजुळत्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाल्याची शक्यता मांडली. वाद काही असो, मधुमेह, यकृताचा आजार किंवा थायरॉइडसारखा स्वप्रतिकारशक्तीचा विकार असलेल्याने ती रोज आपल्या मनाने घेऊ नये.

बिनलेबलची पुडी सर्वांत वाईट. चार दिवसांत साखर झपाट्याने उतरली तर आनंद मानू नये, संशय घ्यावा. अशा चूर्णांत ॲलोपॅथीच्या मधुमेहाच्या गोळ्या मिसळलेल्या सापडल्या आहेत, काही रसौषधींत शिसेही. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, म्हणजे असा दावा छापणारा पहिल्याच ओळीत कायदा मोडत असतो.

जीवनसत्त्वांचा हिशेब वेगळा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी होते. पायांना मुंग्या येतात आणि त्या साखरेच्या खात्यावर टाकल्या जातात. रक्त तपासून कमतरता निघाली तर बी-१२ जरूर घ्यावे. ई जीवनसत्त्वाचे तसे नाही. यकृतासाठी त्याचा गाजलेला अभ्यास २०१० चा, तोही मधुमेह नसलेल्या रुग्णांवर आणि रोज ८०० युनिट मात्रेचा. त्यावरून मधुमेही माणसाने दुकानातून कॅप्सूल आणणे चूक. नायसिनच्या मोठ्या मात्रेने साखर चढते आणि यकृतही दुखावते.

काही घ्यायचेच असेल तर आधी यकृताची तपासणी (एलएफटी) करावी, काही आठवड्यांनी पुन्हा करावी. एका वेळी एकच वस्तू घ्यावी, म्हणजे बिघाड कशाने झाला ते कळते. चालू गोळ्या किंवा इन्सुलिन परस्पर थांबवू नये. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली, अंगाला खाज सुटली, तर काढे-चूर्णे त्याच दिवशी बंद करावीत. कावीळ उतरवून घेण्यात आठवडे घालवू नयेत. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टरांकडे जाताना उरलेली पुडी, बाटली किंवा वेलीचा तुकडा सोबत न्यावा आणि केव्हापासून, किती घेतले ते लपवू नये. वासना उडून उलट्या सुरू झाल्या, झोप अनावर झाली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर रात्रीच्या रात्री दाखल करावे.